भाव बोलेल त्यानं उचलावं

"वाजवी किंमत" हे दोन शब्द कुणी माझ्यासमोर काढले की आजही माझी कानशिलं तापतात. बायको म्हणते, आता पन्नाशी उलटली, सोडून द्या. का सोडू? प्रेम, पगार, पोटदुखी हे सगळं मला चारचौघांइतकंच मिळालं. राग मात्र एक अस्सल मिळाला. लोक पाहुण्यांना चांदीची भांडी काढून दाखवतात, मी हा राग काढून दाखवतो. बसा, चहा येतोय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नागपुरातल्या एका कापडाच्या कंपनीत हिशेबनीस होतो. कंपनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आली असेल तर ती आधी पुसून टाका. गांधीबागेतल्या एका बोळात वर ऑफिस, खाली गोदाम, जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, आणि एकच कूलर, त्याचंही तोंड बारमाही मॅनेजरच्या खोलीकडे. पण कागदोपत्री ती चांगली लिमिटेड कंपनी होती. तिचे अर्धे भागधारक कापडाचे ठोक व्यापारी आणि अर्धे विणकर. कंपनी विणकरांना सूत आणि रेशीम द्यायची, विणकर घरच्या मागावर लुगडी विणून आणून द्यायचे आणि मजुरी घेऊन जायचे. विकायचं काम कंपनीचं.

माझे बाबा त्या विणकरांपैकी एक. ते करवतकाठी नऊवारी विणायचे. अंग सुती, काठ रेशमी, आणि काठावर करवतीचे दाते ओळीनं उभे. अंगाचा धोटा वेगळा, काठांचे वेगळे. हे काम ज्याच्या हाती बसलं त्याचा हात दुसऱ्या कशाला लावायला मन होत नाही. बाबा विणायचे आणि बोलायचे नाहीत. माय सुताच्या कांड्या भरायची आणि दोघांच्या वाटचं बोलायची. घरात मागाची खटखट चालू असली की समजायचं, बाबांचं बरं चाललं आहे. ती थांबली की माय पदराला हात पुसत विचारायची, "काय झालं गा?"

एक सांगून ठेवतो, पुढे लागेल. कंपनीचा आमच्या घरचा शेअर मायच्या नावावर होता. कंपनी निघाली त्या दिवशी बाबा उमरेडला एका लग्नात जेवून राहिले होते. फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला मायनं दारातून परत पाठवलं नाही. स्वतःच सही ठोकली. त्यानंतर ती कधीकधी भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही सांगायची की ती कंपनीची मालकीण आहे.

आता गांधीबागेचा रिवाज. तिथल्या ठोक बाजारात भाव आधी कोणी बोलत नाही. माल समोर असतो, चहा येतो, मुलीच्या लग्नाची चौकशी होते, पावसाची होते, पण भाव? "तुमीच सांगा." "छे, छे, तुमी सांगा." कारण भाव तोंडातून निघाला की माणूस बांधला गेला. घेणारा बोलला आणि मालधनी म्हणाला, "उचल," तर त्यानं त्या भावानं माल उचलायचा. मालधनी बोलला आणि समोरचा म्हणाला, "उचलतो," तर त्यानं द्यायचा. मागे सरला तो बाजारातून उठला. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी पान विचारत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. चपला दाराबाहेर काढाव्यात हे तरी कुठे लिहिलेलं असतं?

आमचा मॅनेजर याच बाजारात लहानाचा मोठा झालेला. हे विसरू नका. माझ्या सगळ्या रागाची खुंटी इथेच ठोकलेली आहे.

त्या वर्षी ऑडिटर नवा आला. मुंबईत शिकलेला, कोवळा, सभ्य, घामाघूम. येताना त्यानं हिशेबाचा एक नवा दंडक आणला. तोवर आम्ही दिवाळीला वर्ष संपलं की गोदामातला माल लागलेल्या खर्चाच्या किमतीला धरायचो. सूत इतकं, रेशीम इतकं, मजुरी इतकी, झालं. नवा दंडक म्हणत होता की खर्च बघा आणि बाजारात काय मिळेल तेही बघा, आणि दोहोंपैकी जे कमी असेल ते लिहा. विकून जेवढं येणार नाही तेवढं ताळेबंदात मिरवू नका.

खरं सांगतो, मला दंडक आवडला होता. त्यात चोरी नव्हती. अजून तो सक्तीचाही नव्हता, ऑडिटरनं नुसतं सुचवलं होतं. आणि आमची कंपनी म्हणजे नवं काही दिसलं की दार लावून घेणारी. टाइपरायटरला तिनं कित्येक वर्षं ताटकळत ठेवलं होतं. कूलरची तर गोष्टच वेगळी. पण हा दंडक ऐकल्याबरोबर मॅनेजर खुर्चीतून उठून म्हणाला, "साहेब, याच वर्षीपासून लागू करू. आपण मागे राहायचं नाही!"

मी पेन खाली ठेवलं. हा माणूस आणि पुढे?

कारण आठ दिवसांत कळलं. मॅनेजरच्या मेव्हण्यानं सुरतेच्या एका गिरणीच्या चमचमत्या, धुतल्या की वाळणाऱ्या साड्यांची एजन्सी घेतली होती. त्या साड्यांना गोदाम हवं होतं. गोदामात आमची नऊवारी बसली होती, आणि विणकर भागधारक असताना ती उठवायची कशी? तोट्याशिवाय नाही. मग तोटा आणायचा कुठून? नवा दंडक दारात येऊन उभाच होता.

ऑडिटर म्हणाला, "बाजारभावाचा लेखी पुरावा लागेल."

मॅनेजर म्हणाला, "तीन व्यापाऱ्यांची कोटेशनं मागवतो." आणि माझ्या हातात तीन चिठ्ठ्या दिल्या.

मी पहिल्या पेढीवर गेलो. लोडाला टेकलेले म्हातारे शेठ आमच्या कंपनीचेच भागधारक. चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय बे बाबू, भाव विचारून राहिला का माल चिपकवून राहिला?"

"नुसता भाव लिहून द्या शेठजी. हिशेबाला पाहिजे."

"हिशेबाले! अन् उद्या तुया मॅनेजर म्हणला, उचला, तर? नऊवारी मी इथं कोणाले विकू? माया दुकानात येणाऱ्या पोरी पाचवारीही धड नेसत नाही." त्यांनी मुनिमाला हाक मारली. "लिही रे. एवढा लिही की उचला म्हणलं तरी मी मरणार नाही."

मुनिमानं लिहिलं. दोन पंच्यांच्या भावात एक करवतकाठी.

पंचा, मंडळी! ज्यानं आपण डोकं पुसतो तो.

दुसऱ्या पेढीवर तेच झालं, फक्त चहा मिळाला. तिसऱ्यानं आधी विचारलं की पहिल्या दोघांनी काय लिहिलं, आणि त्यांच्याहून जरा कमी लिहून दिलं. यांपैकी कुणीही बदमाश नव्हता. ज्याला माल घ्यायचाच नाही त्याला भाव विचारला, आणि भाव बोलल्यावर माल गळ्यात पडण्याची धास्ती, मग तो दुसरं काय लिहिणार?

मी धावत आलो आणि मॅनेजरला सगळं सांगितलं. तो ऐकताना हसत होता. शाळेत मास्तरांना उत्तर पाठ असतं आणि ते पोराला बोलू देतात, तसा.

"तुझे बाबा नऊवारीच विणतात ना रे?" तो म्हणाला. "मग तुला हा भाव कमीच वाटणार. जा, ऑडिटर साहेबांना चिठ्ठ्या दे."

मी ऑडिटरलाही सांगितलं. रिवाज सांगितला, चिपकवणं सांगितलं, नऊवारीचं गिऱ्हाईक गांधीबागेत नाही, ते पारशिवनीच्या आणि खाप्याच्या शेतकऱ्यांच्या घरांत आहे, त्यांना विचारा, हेही सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं. मग तिन्ही चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्या आणि मृदू आवाजात म्हणाला, "तीन वेगळ्या पेढ्या जवळपास एकच भाव सांगतात. यालाच बाजारभाव म्हणतात. तुम्ही म्हणता तो रिवाज कुठे लिहिलेला आहे का?"

काय सांगू? मला त्याला कूलरच्या टाकीत बुडवावंसं वाटलं. पण त्याची चूक नव्हती. वाजवी किंमत म्हणजे जाणता घेणारा आणि जाणता विकणारा, दोघंही राजी, कुणावर जबरदस्ती नाही, असं त्यानंच मला समजावून सांगितलं होतं. इथे राजी कोण होतं? घेणारा पळत होता आणि विकणाऱ्याला विकायचं नव्हतं. दोन न खेळणाऱ्यांचा सामना लावला आणि वर निकाल छापला!

संध्याकाळी घरी सांगितलं. मागाची खटखट थांबली.

"पंचा?" बाबा म्हणाले. एवढंच. मागावर अर्धं झालेलं लुगडं होतं. त्याच्या काठावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मागाखालच्या खड्ड्यातून पाय वर घेतले. त्या दिवशी ते परत मागावर बसले नाहीत.

माय मात्र सुरू झाली. मॅनेजरच्या खानदानापासून त्याच्या मेव्हण्याच्या मिशांपर्यंत तिनं काही सोडलं नाही. शेवटी मी सांगितलं की सभेत ठराव येणार आहे, नऊवारीत तोटा दिसतो म्हणून विणकरांना रेशीम देणं बंद, ज्याला पाहिजे त्यानं जाडंभरडं सूत न्यावं आणि स्वस्तातल्या साड्या विणाव्यात. हे ऐकून ती गप्प झाली. माय गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि मला मॅनेजरची थोडी काळजी वाटली.

सभा भर एप्रिलात, महाल भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. पुढे खुर्च्यांवर व्यापारी, मागे सतरंजीवर विणकर. आलूबोंड्यांचा वास सुटलेला, पण ते सभा संपल्यावर. माझ्या मते कंपनीच्या कायद्यातली सगळ्यात कडक तरतूद हीच. बाबा आले नाहीत. "मी तिथं जाऊन काय बोलू?" म्हणाले. माय आली, इस्तरीचं लुगडं नेसून. बाबांनीच विणलेलं, करवतकाठी.

मॅनेजरनं ताळेबंद वाचला. नव्या दंडकानुसार आपण किती आधुनिक झालो ते सांगितलं. मग नऊवारीचा भाव वाचला. मागच्या सतरंजीवरून असा आवाज आला की जणू सगळ्यांचा पाय एकदमच खिळ्यावर पडला. मग त्यानं तोटा वाचला, मग ठराव, आणि रुमालानं मान पुसली.

माय उभी राहिली.

"काहून गा मॅनेजर साहेब, हा जो भाव तुमी वाचला, तो कंपनीच बोलली ना?"

"हो माई. कंपनीच्या ताळेबंदातच आहे."

"पक्कं?"

"छापलेलं आहे माई."

"मंग मी उचलते."

"काय उचलता?"

"लुगडे. याच भावानं. माया घरधन्याचे मी उचलते, बाकीच्यायचे हे बाकीचे उचलतात. चाला, गोदाम उघडा."

 मग मॅनेजर हसला. त्याच्या हसण्यात आता मास्तर नव्हता.

"अहो माई, हा विकायचा भाव नाही. हा हिशेबाचा भाव आहे."

"असं का? म्हंजे कागदावर आमचं लुगडं पंचा, अन् दुकानात?"

"दुकानात शालू!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सतरंजी हसली.

"शांत बसा! माई, तुम्हाला हिशेबातलं कळत नाही."

"नाईच कळत. मले गांधीबाग कळते. तुमच्या बापाच्या पेढीवर मी लग्नाचं लुगडं घेतलं. त्यायनं भाव बोलला अन् मी म्हणलं, उचललं. लुगडं देताना त्यायच्या जिवावर आलं, पण दिलं. तुमी त्यायचेच ना?"

बघा, इथे मॅनेजरनं पुढच्या रांगेकडे पाहायला नको होतं. पण पाहिलं. तिथे खुर्च्यांवर सगळी गांधीबाग बसली होती, आणि ज्यांनी पंच्याचा भाव लिहून दिला ते म्हातारे शेठ काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "बोलून बसला भाऊ तू. आता उचलू दे."

मॅनेजरनं ऑडिटरला हाक मारली. "साहेब, तुम्ही समजावून सांगा यांना."

ऑडिटर उठला. त्यानं चष्मा पुसला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "या भावाला विकायला कंपनी तयार नसेल, तर हा बाजारभाव होऊ शकत नाही. मग मला आकडा मागे घ्यावा लागेल. तोटाही राहणार नाही."

आता बघा मजा. भाव मागे घेतला तर तोटा गेला, तोटा गेला तर ठराव गेला, मेव्हणा गेला, वर सगळ्या बाजारासमोर बोलून मागे सरल्याची नाचक्की. मॅनेजरचा चेहरा रंगपेटीसारखा झाला. शेवटी त्यानं टेबलावर थाप मारली.

"न्या! न्या त्या चिंध्या! गोदाम मोकळं करा!"

आणि त्याच दमात ठरावाला हात वर करायला लावले. काही विणकर माग सोडून आलेच नव्हते, त्यामुळे खुर्च्यांचे हात जास्त भरले. ठराव पास झाला. माय जिंकली आणि बाबांचं रेशीम बंद झालं, दोन्ही एकाच सभेत. आलूबोंडा मी खाल्ला नाही. खोटं कशाला बोलू, एक खाल्ला. पण रागानं खाल्ला.

भाव इतका पाडलेला होता की पंचा घ्यायला निघालेल्या माणसालाही लुगडं परवडावं. विणकर आपापले गठ्ठे डोक्यावर घेऊन निघाले. आमच्या घरी बाबांची लुगडी भिंतीला टेकून रचली गेली. बाबा त्यांच्याकडे पाठ करून बसले. "ज्यानं चिंधी म्हणलं त्याचं जाडं सूत मी मागावर चढवत नाई," म्हणाले. माग रिकामा. घरात खटखट नाही. ती शांतता माझ्या अंगावर यायची. मी ऑफिसला पळायचो, आणि तिथे मेव्हण्याच्या साड्यांचे खोके उतरताना पाहून परत पेटायचो. नोकरी सोडली नाही. सोडली असती तर पुढचा तमाशा पाहायला पुढच्या रांगेत कोण असतं?

मायनं मात्र एक गठ्ठा बांधला आणि मला सायकल काढायला लावली. "धंतोलीले चाल."

धंतोलीत एका बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर कडुनिंबाखाली ती बसली. तिथे सगळ्या विदर्भातली माणसं. लेकीसुनांबरोबर आलेल्या सासवा, आया, सगळ्या नऊवारीतल्या. बाळंतीण घरी न्यायची तर तिला, नाहीतर तिच्या आईला, नवं लुगडं घ्यायचं. कुणी बाजार शोधत जायच्या आत बाजार समोर बसला होता.

पारशिवनीकडची एक बाई आली. खाली बसली. लुगडं उलगडून काठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला, उलटी बाजू पाहिली, पुन्हा सुलटी पाहिली.

"किती वं याचे?"

"तुमीच बोला बाई," माय म्हणाली.

"मी काय बोलू? तू विकून राहिली."

"नाई. पाहून तर राहिल्या तुमी. बोला."

बाईनं काठ परत एकदा चोळला आणि भाव बोलली. मी सायकलला टेकून उभा होतो, तो सरळ झालो. ती जे बोलली ते कंपनीच्या जुन्या खर्चाच्या किमतीहूनही वर होतं.

"उचला," माय म्हणाली.

जाणता घेणारा, जाणता विकणारा, दोघंही राजी. दवाखान्याच्या दारात, उकिडवं बसून. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की मी सायकलची घंटी वाजवत सुटलो आणि दवाखान्याची नर्स मला हाकलायला बाहेर आली. ही बाई गेल्या दिवाळीलाही होती! तिला विचारायला एक चिठ्ठी पुरली असती!

त्या पैशांतून मायनं इतवारीच्या बाजारातून रेशीम आणलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं, काही न बोलता. दोन दिवस ते तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच खटखट ऐकू आली.

पुढच्या लग्नसराईत मॅनेजर आमच्या घरी आला. खेड्यातली गिऱ्हाइकं कंपनीत येऊन करवतकाठी मागत होती आणि चमचमत्या साड्या पाहून परत जात होती. तो खाटेवर बसला. मायनं पाणी दिलं. चहा नाही दिला. आमच्याकडे ही फार मोठी गोष्ट होती.

"भाऊ, पुन्हा कंपनीसाठी विणा," तो बाबांना म्हणाला. "एका लुगड्याचे किती घ्याल?"

बाबांनी धोटा फेकला. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"तुमी बोला," बाबा म्हणाले.

मॅनेजरनं तोंड उघडलं आणि मिटलं. गांधीबागेत वाढलेला माणूस. त्याला ठाऊक होतं, तोंडातून निघालं की गेलं. त्यानं पाणी प्यायलं. मायनं भांडं परत भरलं.

"घाई नाई," ती म्हणाली.

शेवटी तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाई आलं," माय म्हणाली. "मागाचा आवाज लई आहे."

तेव्हा बाबांनी माग थांबवला. एकदम शांत झालं. समोरच्या घरात माग चालू होता, तोही थांबला, बाजूचाही. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना कान आले.

मॅनेजर मोठ्यानं बोलला. धंतोलीच्या बाईहून चार पावलं वरच.

बाबांनी मायकडे पाहिलं, मायनं माझ्याकडे. मग बाबा, ज्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं म्हणाले, "उचला!"

आणि खटखट सुरू झाली.

मॅनेजर चपला घालताना मला हळूच म्हणाला, "उद्या ऑफिसला येताना तुझ्या बाबांकडून या भावाची एक लेखी चिठ्ठी घेऊन ये बरं. दंडक आहे. पुरावा लागतो."

सांगा आता. हा राग मी सोडून देऊ?